आर्ताची प्रार्थना आणि ईश्वरावरील भरवसा

घरातील कोणी गंभीर आजाराने अंथरुणाला खिळले म्हणजे सारे घर बदलून जाते. रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागाबाहेर बाकावर रात्र काढणारा मनुष्य एरवी देवळाची पायरी चढत नसला, तरी त्या रात्री त्याचे हात आपोआप जोडले जातात. 'देवा, एवढे एक माणूस मला परत दे,' याखेरीज त्याला दुसरे काही सुचत नाही. पुढे मन थोडे स्थिर झाले म्हणजे शंका उभ्या राहतात. असे मागणे हा भक्तीतील हीनपणा तर नव्हे? औषधही घ्यावयाचे आणि ईश्वरावर भरवसाही ठेवावयाचा, यात विसंगती नाही काय? आणि सर्वांत दारुण शंका ही की, रोगी बरा झाला नाही, तर आपली श्रद्धा उणी पडली असे समजावयाचे काय? या तिन्ही शंकांचा श्रीगीतेच्या आधारे विचार करू.

पहिल्या शंकेचे उत्तर सातव्या अध्यायात आहे. भक्तांचे चार प्रकार सांगताना भगवंतांनी आर्ताचे नाव सर्वांच्या आधी घेतले आहे. ज्ञानी भक्ताला त्यांनी आपला आत्माच म्हटले, हे खरे. परंतु 'उदार' हे विशेषण चौघांनाही दिले आहे. मागणाऱ्यास उदार कसे म्हणावे? कारण असे की, दुःखाच्या क्षणी त्याने जो आश्रय शोधला तो योग्य शोधला. पायात काटा रुतलेले मूल रडत आईकडे धावते, तेव्हा आई त्याला स्वार्थी म्हणत नाही. ते आपल्याकडे आले, यातच ती संतोष मानते.

आर्ताची प्रार्थना कोठवर जाऊ शकते, याचे उज्ज्वल उदाहरण केरळात घडले. सोळाव्या शतकात मेल्पत्तूर नारायण भट्टतिरी हे मोठे वैयाकरण होऊन गेले. वातरोगाने त्यांचे शरीर जखडले, तेव्हा त्यांनी गुरुवायूरच्या श्रीकृष्णमंदिराचा आश्रय घेतला. श्रीमद्भागवताचे सार त्यांनी तेथे शंभर दशकांत गायिले. रोज एक दशक याप्रमाणे शंभर दिवस ही सेवा चालली, अशी परंपरा आहे. हजाराहून अधिक श्लोकांचे हे स्तोत्र म्हणजेच 'नारायणीयम्'. 'माझी व्याधी दूर कर' हे मागणे त्यात पुनःपुन्हा येते. महापंडिताला ते मागण्याची लाज वाटली नाही. परंतु शंभराव्या दशकात काय आहे? तेथे कवी आपल्या दुखऱ्या अवयवांकडे पाहत नाहीत. समोर प्रकट झालेल्या भगवंताचे केसांपासून चरणांपर्यंत एकेक अंग ते डोळे भरून पाहतात. ग्रंथाच्या अखेरीस आयुष्य, आरोग्य व सौख्य यांची याचना आहे. तिचीच अक्षरे कटपयादि पद्धतीने वाचली असता कलियुगाच्या आरंभापासून १७,१२,२१० हा दिवस निघतो, म्हणजे ग्रंथसमाप्तीचा दिवसही त्याच शब्दांत नोंदलेला आहे. भट्टतिरी रोगमुक्त झाले असे परंपरा सांगते. पण त्याआधीच त्यांची दृष्टी रोगावरून रोगहर्त्याकडे वळली होती. मागणे सोडावे लागले नाही; मागता मागता मागणाराच पालटला.

आता दुसरी शंका. औषध घेणे म्हणजे ईश्वरावरील विश्वास ढळणे, असे काही भाविकांना वाटते. अठराव्या अध्यायात भगवंतांनी प्रत्येक कर्माची पाच कारणे सांगितली आहेत : अधिष्ठान, कर्ता, निरनिराळी साधने, विविध प्रयत्न आणि पाचवे दैव. रोगनिवारणाच्या कर्माला हेच लावून पाहावे. शरीर हे अधिष्ठान, उपचार करणारा तो कर्ता, औषधे व उपकरणे ही साधने, वैद्य आणि शुश्रूषा करणारे यांचे श्रम हे प्रयत्न. या सर्वांनंतर दैव. पहिली चार बाजूला सारून केवळ पाचव्याची वाट पाहणे हे गीतेला धरून नाही. तसेच, चार जमविली म्हणजे फळ आपल्या मुठीत आले, असे मानणेही तिला मान्य नाही.

डिसेंबर १९५२ मध्ये भूदानयात्रेत असताना आचार्य विनोबा भावे त्या वेळच्या बिहारमधील, म्हणजे आजच्या झारखंडमधील चांडिल येथे घातक हिवतापाने आजारी पडले. प्रथम त्यांनी औषध नाकारले. देह ईश्वराच्या स्वाधीन केला आहे, ठेवावयाचा असेल तर तो ठेवील, अशी त्यांची वृत्ती होती. प्रकृती ढासळत चालली. देशभरातून विनवण्या होऊ लागल्या. अखेर लोकांच्या व्याकुळतेपुढे त्यांनी आपला आग्रह सोडला, औषध घेतले आणि ते बरे होऊन पुन्हा पदयात्रेला लागले. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात ज्यांनी गीतेवर प्रवचने दिली, त्यांचे हे आचरण आहे. ईश्वराची इच्छा कधी आपल्या अंतःकरणातून बोलते, कधी आपल्यासाठी कळवळणाऱ्या माणसांच्या तोंडूनही बोलते. तेव्हा वैद्याने दिलेली मात्रा तीर्थाप्रमाणे नम्रतेने घ्यावी.

तिसरी शंका हृदयाला हात घालणारी आहे. श्रीरामकृष्ण परमहंसांना १८८५ मध्ये घशाचा कर्करोग झाला. डॉक्टर महेंद्रलाल सरकारांचे उपचार चालू होते. योगबलाने मन दुखऱ्या जागी एकाग्र करून रोग घालवावा, असे एका पंडितांनी सुचविले, तेव्हा ईश्वराला दिलेले मन या हाडामांसाच्या पिंजऱ्याकडे कसे वळवू, असे त्यांनी विचारले. शिष्यांच्या, विशेषतः नरेंद्राच्या आग्रहाखातर, काही अन्न घशाखाली उतरू दे, असे त्यांनी जगन्मातेजवळ मागितले. तिने उत्तरादाखल इतर सर्व मुखे दाखविली; त्या मुखांनी तूच तर जेवतो आहेस, हा तिचा भाव होता. १६ ऑगस्ट १८८६ रोजी काशीपूर येथे त्यांनी देह ठेवला. त्यांची श्रद्धा उणी पडली, असे म्हणण्यास कोणाची जीभ धजेल?

नवव्या अध्यायात भगवंतांनी अनन्य भक्तांच्या योगक्षेमाचा भार वाहण्याचे वचन दिले आहे. परंतु देह कधी पडणारच नाही, असे वचन त्यांनी कोठेही दिलेले नाही. उलट जन्मलेल्याला मृत्यू अटळ आहे, हे दुसऱ्या अध्यायातच बजावले आहे. म्हणून रोगी बरा झाला तर श्रद्धा खरी, दगावला तर खोटी, हे माप गीतेचे नव्हे. ते बाजाराचे माप आहे. शोकाकुल मातेला अथवा पत्नीला 'तुमची भक्ती कमी पडली' असे सांगणारा मनुष्य जखमेवर मीठ चोळतो आणि भगवंतालाही व्यापारी ठरवितो.

मग प्रार्थनेचे फळ कोणते? रोग्याला ती एकटेपणातून सोडविते. शुश्रूषा करणाऱ्याच्या हाताला ती सौम्यता देते, आणि जे टळत नाही ते सोसण्याचे धैर्य दोघांनाही देते. त्यातच आरोग्य लाभले, तर तो प्रसाद समजावा. प्रसाद एकट्याने खावयाचा नसतो. तो वाटावयाचा असतो. आजारातून उठलेल्याने आठवड्यातून एक घटका तरी दुसऱ्या एखाद्या रुग्णाच्या उशाशी बसावे. नवस फेडण्याची याहून चांगली रीत कोणती?

ज्यांच्या घरी आज कोणी आजारी आहे, त्यांना एवढेच सांगणे आहे. औषधाची वेळ चुकवू नका. रोग्यासमोर निराशेचे बोलू नका. खोटी आशाही दाखवू नका. त्याचा हात हातात घेऊन त्याला रुचेल ते नाम हळू आवाजात घ्या. 'देवा, याला बरे कर,' असे निःसंकोच मागा आणि शेवटी एवढे जोडा : 'तू जे करशील त्यात आम्हा दोघांचाही हात सोडू नकोस.' हे दुसरे मागणे तो कधीच नाकारीत नाही.

॥ श्रीकृष्णार्पणमस्तु ॥