आधी आपला पासंग पाहावा



आपल्या मंडळाच्या सभासद कुटुंबांतील पुष्कळ मुले-मुली हल्ली नोकरीच्या मागे न लागता स्वतःचा व्यवसाय उभारू पाहत आहेत. त्यास ती ‘स्टार्टअप’ म्हणतात. कोणी आईवडिलांच्या बचतीवर, कोणी मामा-काकांच्या उसनवारीवर, तर कोणी परक्या भांडवलदाराच्या पैशावर आरंभ करतो, आणि शुभदिनी श्रींपुढे नारळ ठेवून जातो. त्या प्रसादाबरोबर दोन हिताचे शब्द त्यांच्या पदरी घालावेत, या हेतूने आम्ही आज हा विषय घेतला आहे.

व्यापार परमार्थाच्या आड येतो, अशी एक भोळी समजूत आहे. गीतेच्या अठराव्या अध्यायात शेती, गोपालन व व्यापार यांची गणना स्वभावप्राप्त कर्मांत केलेली असून, आपल्या कर्मानेच ईश्वराची पूजा करणारा मनुष्य सिद्धीस पोचतो, असे तेथेच सांगितले आहे. तेव्हा व्यापार करावा की नाही, हा प्रश्नच नाही. तो पूजा ठरेल अशा रीतीने कसा करावा, एवढाच प्रश्न उरतो.

याचे उत्तर आपल्या दाल बाजारातील तराजूपाशी सापडण्यासारखे आहे. पोती जोखण्यापूर्वी जुने व्यापारी रिकाम्या तराजूचा पासंग पाहत. एक पारडे किंचित जड असले, तर हलक्या बाजूस खडा बांधून दोन्ही पारडी समान करीत आणि मगच माल चढवीत. आता विजेचे काटे आले. परंतु तेही आधी शून्यावर आणावेच लागतात. नव्या व्यवसायाच्या धन्यानेही दुसऱ्याच्या श्रमाचे मोल करण्यापूर्वी आपल्या मनाचे पारडे कोणीकडे झुकले आहे, हे पाहावे. हा पासंग लाभाच्या दिवशी कळत नाही. तोटा आला म्हणजे तो कोणाच्या वाट्यास घालावयाचा, या वेळी तो उघडा पडतो.

तुकोबारायांचे घराणे देहूचे महाजन, वाण्याचा व्यवसाय करणारे. सतराव्या शतकातील घोर दुष्काळात त्यांचा व्यापार बुडाला, घरची माणसे गेली. पुढे लोकांकडील येण्याची खते त्यांनी इंद्रायणीत सोडली, ही कथा आपणा सर्वांस ठाऊक आहे. परंतु तिचा एक भाग पुष्कळदा सांगावयाचा राहून जातो. धाकटे बंधू कान्होबा यांच्या वाट्याची निम्मी खते त्यांनी आधी वेगळी काढून बंधूंच्या स्वाधीन केली, आणि बुडविली ती केवळ आपल्या वाट्याची, असे चरित्रपरंपरा सांगते. बंधूंच्या भाकरीवर आपले वैराग्य उभे करणे त्यांस मान्य नव्हते. त्याग करावयाचा तो आपल्या वाट्यातून, हे या कथेचे मर्म होय.

आज नेमके येथेच पाऊल घसरते. धनी ध्येयाने भारलेला असतो. झोप, जेवण, सणवार विसरून राबतो. हे त्याचे तप झाले. परंतु तेच तप तो पगारी माणसांकडूनही मागू लागतो, आणि ‘आपण सारे एक कुटुंब आहोत’ असे म्हणतो. कुटुंब म्हणावयाचे असेल, तर घरात अन्न कमी पडले म्हणजे माउली सर्वांस वाढून शेवटी जेवते, हेही त्याने आठवावे.

असे वागून धंदा चालेल काय, अशी शंका कोणी घेईल. लक्ष्मणराव किर्लोस्करांचे उदाहरण पाहा. लोखंडी नांगराने जमीन नासते, या समजुतीमुळे त्यांचे पहिले नांगर विकण्यास सुमारे दोन वर्षे लागली, असे सांगतात. पुढे बेळगावची जागा सोडावी लागली, तेव्हा औंधच्या राजेसाहेबांच्या आश्रयाने 1910 मध्ये त्यांनी कुंडलच्या माळावर किर्लोस्करवाडी वसविली. तेथे त्यांनी अस्पृश्यतेस थारा दिला नाही, आणि शिक्षा भोगून आलेल्या माणसांस रात्रीचे पहारेकरी नेमले. ज्यांस कोणी दारात उभे करीत नव्हते, त्यांच्या हाती त्यांनी कारखान्याची राखण दिली. विश्वास मागण्याआधी त्यांनी तो आपल्या पदरचा दिला. तो उद्योग आज शंभर वर्षांहून अधिक काळ उभा आहे.

तेव्हा आमचे सांगणे थोडक्यात असे. महिन्याच्या ठरल्या तारखेस आधी सेवकांचे वेतन द्यावे, उरेल त्यातून आपले घ्यावे. भांडवलदाराचा पैसा ही ठेव आहे, मिळकत नव्हे. कागदावर कंपनीचे मोल वाढले म्हणून घरचा थाट वाढवू नये. भागीदारी सख्ख्या भावाशी असली, तरी ती पहिल्याच दिवशी लिहून काढावी. लिहिल्याने प्रेम आटत नाही, उलट टिकते. आणि पेढीवर एक तरी मुनीम असा असावा, की जो धन्याच्या तोंडावर ‘हे चुकते आहे’ असे म्हणू शकेल आणि दुसऱ्या दिवशी निर्भयपणे कामावर येईल.

या गोष्टी पेढी लहान असतानाच कराव्यात. 1810 च्या सुमारास दौलतराव शिंद्यांच्या छावणीने येथे तळ दिला. त्याच तळाचे पुढे शहर झाले, तरी नाव अद्याप लष्करच राहिले. आरंभीचे वळण असे दीर्घकाळ टिकते. चार माणसांच्या खोलीत जे चालते, तेच पुढे चारशेंच्या कचेरीत चालते.

शेवटी वडीलधाऱ्यांस एक विनंती. सर्वच नवे व्यवसाय तरत नाहीत. आपल्या मुलाचा किंवा मुलीचा व्यवसाय बसला, परंतु हिशेब स्वच्छ राहिला, कोणाचे वेतन बुडाले नाही, तर ती लाज नव्हे. लोक काय म्हणतील या धास्तीने ते लेकरू आरतीस येणे सोडून देते. मग खरी गोष्ट घरीही सांगत नाही, आणि कर्जावर कर्ज काढीत जाते. त्या वेळी त्यास हाताशी धरून देवळात आणावे आणि शेजारी बसवून घ्यावे. अपयशानंतरही जेथे मान खाली घालावी लागत नाही, असे एक दार तरी त्यास उघडे असावे.

श्री सर्वांस सद्बुद्धी आणि स्थिर मन देवोत, हीच प्रार्थना.