मशीन विकलं, किल्ली ठेवली

साउंडच्या धंद्यात एक ‘शोध’ दर दोन-चार वर्षांनी नव्यानं लागतो. कुणीतरी स्वस्तातल्या ॲम्प्लिफायरचं झाकण उघडतो, शेजारी त्याच कंपनीचं महागडं मॉडेल उघडून ठेवतो आणि दाखवतो, की आतला बोर्ड तोच, ट्रान्झिस्टर तेच, पंखासुद्धा तोच. फरक इतकाच, की स्वस्त मशीनच्या प्रोसेसरला बजावून ठेवलंय, या आकड्याच्या पुढे जायचं नाही. मग वाद पेटतो. एक बाजू ‘फसवणूक’ म्हणून ओरडते, दुसरी ‘पाचशे वॅट लिहिले होते, पाचशे मिळाले, आता रडता कशाला’ म्हणून हसते. दोन्ही बाजू दमल्या की विषय बंद.

दोघांचंही भांडण खोक्यावर छापलेल्या आकड्याशी आहे. तो आकडा खरा असेल तर फसवणूक झाली नाही, हे मान्य करून टाकायला हरकत नसावी. ‘कंपनीचा माल, कंपनीची मर्जी’ हे म्हणणं तर एका ओळीत निकालात निघतं: बिल फाडल्यावर माल कंपनीचा राहत नाही. अडचण सुरू होते ती बिल फाडल्यानंतर, आणि शहरातल्या शोरूममधून ती नीट दिसत नाही. जव्हार तालुक्यातल्या जामसरसारख्या गावातून ती जास्त स्पष्ट दिसते, कारण अशा ठिकाणी यंत्र बरेचदा दुसऱ्या-तिसऱ्या हातानं पोचतं आणि पहिल्या मालकाकडे राबलं त्याहून जास्त वर्षं तिथे राबतं.

आधी मशीनच्या पोटात डोकावू. ॲम्प्लिफायरची ताकद ठरते ती आतल्या व्होल्टेजवर, किती करंट पुरवता येतो यावर आणि तयार झालेली उष्णता बाहेर टाकण्याच्या क्षमतेवर. जुन्या पद्धतीत स्वस्त मॉडेल म्हणजे ट्रान्सफॉर्मर लहान, आउटपुट ट्रान्झिस्टरच्या जोड्या कमी, हीटसिंक छोटा. तांबं वाचलं, ॲल्युमिनियम वाचलं, किंमत उतरली. याबद्दल कुणाचीच तक्रार नव्हती. क्लास-डी सर्किट आणि स्विचिंग पॉवर सप्लाय आल्यावर मशीन हलकं झालं. प्रत्येक मॉडेलसाठी वेगळा बोर्ड काढण्यापेक्षा एकच बोर्ड मोठ्या संख्येनं काढणं अनेकदा स्वस्त पडू लागलं. तसं झालं तिथे मॉडेलमधला फरक तांब्यातून उठून सॉफ्टवेअरमध्ये जाऊन बसला.

मर्यादा घालणं मुळातच वाईट, असंही नाही. साउंडवाले स्वतःच लिमिटर लावतात, कारण मशीन फार ढकललं की स्पीकरची कॉइल जळते आणि ऐन हळदीच्या रात्री वरचा स्पीकर (टॉप) मुका होतो. लॅब ग्रुपेन या स्वीडिश कंपनीच्या मशीनांवर तर व्होल्टेज किती चढू द्यायचं हे ठरवणारे बारीक स्विच मागच्या पट्टीवरच असत. पुढे कुठला स्पीकर जोडलाय ते पाहून वापरणाऱ्यानं ते लावायचे. वॅटचं गणितही गमतीचं आहे. वॅट दुप्पट केले तर आवाज वाढतो तीन डेसिबलनं. कानाला ‘दुप्पट’ वाटायला साधारण दहा लागतात. म्हणजे पाचशेवर बांधलेलं हजाराचं मशीन मोकळं केलं, तरी मांडवातल्या म्हातारीला फार फरक कळणार नाही. भांडण आवाजाचंच असतं तर ते इथेच मिटलं असतं.

माल मुद्दाम बांधून स्वस्तात विकण्याची युक्ती जुनी आहे आणि तिची उदाहरणं वाद घालणाऱ्यांना पाठ असतात. आयबीएमनं 1990 मध्ये स्वस्त लेझर प्रिंटर काढला. त्यानं मिनिटाला दहाऐवजी पाचच पानं छापावीत म्हणून कामात मुद्दाम थांबे टाकले. इंटेलचा 486 एसएक्स म्हणजे गणिताचा भाग बंद केलेला 486. सोनीच्या कोऱ्या मिनिडिस्क 60 आणि 74 मिनिटांच्या मिळत. डिस्क एकच, स्वस्तातलीवर फक्त ‘इथे थांब’ अशी खूण. उलटीही गंमत झाली. 2010 मध्ये लेक्सिकॉनचा साडेतीन हजार डॉलरचा ब्लू-रे प्लेअर उघडला, तर आतून ओप्पोचा पाचशे डॉलरचा प्लेअर सांगाड्यासकट निघाला.

आपल्याकडचं ठळक उदाहरण मात्र आवाजाच्या धंद्यातलं नाही, आकुर्डीचं आहे. बजाजची इलेक्ट्रिक चेतक तिथे तयार होते. 2023 च्या अखेरीस आलेल्या चेतक अर्बेनमध्ये साध्या गाडीचा वेग ताशी 63 किलोमीटरवर थांबवलेला होता. ‘टेकपॅक’चे काही हजार रुपये जास्त मोजले की तो 73 वर जाई. बॅटरी दोन्हीकडे 2.88 किलोवॅट-तासांचीच. टेकपॅकमध्ये आणखी मिळे ते रिव्हर्स, स्पोर्ट मोड आणि चढावर गाडी मागे घसरू न देणारा हिल होल्ड. यात बेकायदा काही नाही, लपवाछपवीही नाही, कंपनीनं सगळं उघडपणे सांगितलेलं. म्हणूनच हे उदाहरण कामाचं आहे. लबाडी वजा केल्यावरही व्यवहारात काही खटकत असेल, तर ते काय, हे इथे तपासता येतं.

या प्रथेचं सगळ्यात हुशार समर्थन अर्थशास्त्रज्ञांनी केलंय आणि ते झटकून टाकण्यासारखं नाही. रेमंड डेनेकेअर आणि प्रेस्टन मॅकअफी यांचा ‘डॅमेज्ड गुड्स’ हा निबंध 1996 चा. मुद्दाम उणा केलेला माल बाजारात आल्यानं काही परिस्थितीत सगळ्यांचंच भलं होतं, असं त्यांनी दाखवलं: ज्याला परवडत नव्हतं त्याला काहीतरी मिळतं, ज्याला पूर्ण हवं त्याला पूर्ण मिळतं, कंपनीचा खर्च निघतो. त्यांच्याही आधी, 1849 मध्ये, फ्रेंच अभियंता ज्यूल ड्युपुई यानं रेल्वेबद्दल हेच ताडलं होतं. तिसऱ्या वर्गाच्या डब्याला छप्पर नसे ते छपराचा खर्च झेपत नाही म्हणून नव्हे. दुसऱ्या वर्गाचं भाडं देऊ शकणाऱ्यानं तिसऱ्यात बसू नये म्हणून. गरीब भिजला तो श्रीमंताला धाक बसावा यासाठी.

‘सगळ्यांचं भलं’ या शब्दांत पहिली मेख आहे. भलं कशाच्या तुलनेत? उणं मॉडेल नसतं तर कंपनीनं फक्त महाग मॉडेल विकलं असतं आणि गरजू तसाच राहिला असता, हे इथे धरून चालायचं. पण पूर्ण ताकदीचं मशीन मधल्या किमतीला विकणं हीदेखील एक शक्यता असतेच, आणि धंद्यात चुरस असेल तिथे ती प्रत्यक्षात येते. तराजूच्या दुसऱ्या पारड्यात काय ठेवायचं ते विकणारा निवडणार आणि आपण काटा बघून समाधान मानायचं, असा हा हिशेब.

दुसरी मेख अधिक खोल आहे आणि ती सपाटीवर बसून दिसत नाही. ज्याला एखाद्या सोयीची जास्त गरज तो तिचे जास्त पैसे मोजतो, या गृहीतावर ही मांडणी उभी आहे. हिल होल्डचं उदाहरण घ्या. पालघर स्टेशनच्या आसपास सपाट रस्त्यावर दूध-भाजी आणणाऱ्याला तो नसला तरी चालतं. जव्हार डोंगरावर वसलेलं. तिथून मोखाड्यामार्गे त्र्यंबकेश्वरकडे निघालं तर चढ, वळण आणि पुन्हा चढ. पावसाळ्यात मागे धान्याचं पोतं बांधून अशा वळणावर थांबलेल्या गाडीला हिल होल्ड ही चैन नाही. आणि इथल्या घरांत रोख पैसा कधी येतो? भातकापणी झाली की कुटुंबंच्या कुटुंबं वीटभट्ट्यांवर जातात, तो हंगाम संपला की. म्हणजे गरज चढावर आणि पैसा उतारावर. अर्थशास्त्रज्ञाच्या कोष्टकात मात्र न मोजलेले पैसे म्हणजे नसलेली गरज.

‘अर्बेन’ नावातच शहर आहे, ती घाटात न्यायला सांगितलं कुणी, असा आक्षेप इथे येणार. रास्त आहे. नवी गाडी घेणारा नाव वाचून घेतो. जुनी घेणारा जे वाट्याला येतं ते घेतो, आणि त्याच्या वाट्याला बहुतेकदा साधं मॉडेल येतं.

इथेच ड्युपुईच्या डब्याचा दाखला तुटतो. डब्यातला प्रवासी स्टेशनावर उतरतो. मुंबईच्या लोकलमध्ये एकाच गाडीत पहिला वर्ग आणि दुसरा वर्ग असतो. मोटर तीच, रूळ तेच, मध्ये फक्त जाळी किंवा पत्रा. भाड्यात पटींचा फरक. तरी कुणी ‘फसवणूक’ म्हणत नाही, कारण विकला गेलाय तो प्रवास. डबा रेल्वेचा होता, रेल्वेचाच राहिला. तिकीट विकणाऱ्याला वर्ग पाडण्याचा अधिकार आहे. आपल्या रेल्वेनं 1974 मध्ये तिसरा वर्ग बंद केला तेव्हाही कुणाला घरातली वस्तू बदलून घ्यावी लागली नाही.

ॲम्प्लिफायर तिकीट नव्हे. बांधून ठेवलेल्या अर्ध्या ताकदीचं वजनही पिकअपमध्ये मालकच चढवतो. तिच्यासाठीची जागा तो देतो, बोर्ड जळला तर सुटा भाग पूर्ण ताकदीचाच शोधतो, आणि शेवटी भंगारही त्याच्याच अंगणात पडतं. खर्च मालकीचा आणि हक्क प्रवाशाचा, अशी ही विभागणी. वस्तूच्या बिलावर तिकिटाच्या अटी चढवल्या आहेत. संपूर्ण प्रश्न एवढाच आहे. बाकीचं चर्चेचं मखर काढून टाकलं तरी चालेल.

जिथे तिकीट हे तिकीट म्हणूनच विकलं गेलं तिथे आक्षेपाचं कारणही उरत नाही. 2017 चा जिओफोन घ्या. तो जिओच्याच नेटवर्कवर चाले, दुसऱ्या कंपनीचं सिम घेत नसे. पण त्यासाठी घेतलेले 1500 रुपये ‘अनामत’ म्हणून घेतले होते, परतीच्या बोलीवर. जिथे जिओचा टॉवर नाही तिथे तो कुचकामी, हे खरं. तरी फोन पूर्णपणे आपला झाला, असा समज कुणी करून दिला नव्हता. उलट टोकाला टेस्ला. सप्टेंबर 2017 मध्ये फ्लोरिडावर इर्मा वादळ चालून आलं, तेव्हा कमी बॅटरीवर बांधलेल्या गाड्या कंपनीनं दुरूनच, काही दिवसांपुरत्या मोकळ्या केल्या. जगानं कौतुक केलं. कौतुक करणाऱ्यांपैकी थोड्यांनाच सुचलं, की असं औदार्य दाखवायला किल्ली विकणाऱ्याकडेच राहिलेली असावी लागते.

अर्थशास्त्रज्ञाचा शेवटचा बुरूज उरतो: संशोधनाचा खर्च महाग मॉडेल घेणारा भरतो, तो स्वस्ताकडे पळाला तर दोन्ही मॉडेलं बुडतील, म्हणून कुलूप हवं. हे पूर्ण मान्य करू. पण मग त्याच तर्कानं एक पाऊल पुढे जायला हवं. छप्पर काढलेला डबा श्रीमंताला धाक घालतो तो दुसऱ्या वर्गाची तिकीटविक्री चालू असेपर्यंत. महाग मॉडेल बाजारातून गेलं, वॉरंटी संपली, कंपनीनं नवी मालिका आणली, की जुन्या मशीनवरचं कुलूप कुणालाच धाक घालत नाही. कंपनी फार तर म्हणेल, की मोकळं झालेलं जुनं मशीन आमच्या नव्या मशीनशी स्पर्धा करेल. करेलच. तीच तर जुन्या वस्तूच्या मालकाची मिळकत, आणि तिच्यावर कंपनीचा दावा या सिद्धांतातून निघत नाही. तेव्हा कुलूप असावं की नसावं, यावर भांडण्यापेक्षा ते किती काळ असावं यावर भांडलेलं बरं. विक्रीपुरतं कुलूप आणि जन्मभराचं कुलूप या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि अर्थशास्त्रानं समर्थन केलंय ते पहिल्याचं.

कायदा या भेदापर्यंत अजून पोचलेला नाही. कॉपीराइट कायद्यात 2012 मध्ये आलेलं कलम 65-अ तांत्रिक कुलूप तोडण्याला दोन वर्षांपर्यंत शिक्षा सांगतं. त्यासाठी हक्कभंगाचा हेतू असावा लागतो खरा, पण तो नव्हता हे सांगत बसण्याची पाळी मशीन उघडणाऱ्यावर येऊ शकते. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानं जुलै 2022 मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, चार क्षेत्रं निवडली: शेतीची अवजारं, मोबाइल-टॅब्लेट, टिकाऊ ग्राहकोपयोगी वस्तू आणि वाहनं. त्याच डिसेंबरात पोर्टलही सुरू झालं. चेतक त्यात सरळ बसते. ॲम्प्लिफायर ओढूनताणून तिसऱ्या क्षेत्रात बसवता येईल. पण दुरुस्ती होते ती बिघाडाची. बांधलेलं मशीन बिघडलेलं नसतंच, कंपनीनं नेमून दिलेलं काम ते चोख करत असतं. त्यामुळे सर्व्हिस मॅन्युअल खुलं केलं, सुटे भाग मिळू लागले, तरी या कुलपाला हात लागत नाही. त्यासाठी नियमात वेगळी तरतूद लागेल: मॉडेलची विक्री थांबली की ठरावीक मुदतीत किल्ली मालकाच्या हाती द्यायची. आणि मालक कोण, हे पहिल्या बिलावरच्या नावावरून न ठरवता मशीन कुणाकडे आहे त्यावरून ठरवायचं, कारण दोन-तीन हात फिरून आलेल्या मशीनसोबत बिल क्वचितच येतं.