घड की बाळी?

नारायणगावच्या पट्ट्यात एप्रिलच्या खरड छाटणीनंतर द्राक्षवेलीला नव्या काड्या फुटतात आणि दीड-दोन महिन्यांतच, पीक नजरेच्या टप्प्यातही नसताना, पुढच्या हंगामाचा घड काडीवरच्या डोळ्यांत ठरून जातो. बागायतदार याला सूक्ष्मघड निर्मिती म्हणतात. डोळ्यात आधी पेशींचा नुसता उंचवटा येतो. ऊन, ऊब आणि सायटोकायनिन या संप्रेरकाचे बळ मिळाले तर त्याचा घड होतो, जिबरेलिन हे दुसरे संप्रेरक वरचढ झाले तर बाळी, म्हणजे वेलीला आधार धरून देणारा तणावा. कार्य कारणात आधीपासूनच असते का, हा आपल्या दर्शनांतला जुना वाद इथे पुराव्यावर घासून पाहता येतो. सांख्य म्हणतात, असते. तेल तिळातूनच निघते, वाळूतून नाही. नैयायिकांना हे मान्य नाही.

माझ्या मते डोळ्याची साक्ष सांख्यांच्या विरोधात जाते. घड आणि बाळी दोन्ही उंचवट्यात होते म्हटले, तर जे कधी प्रकटलेच नाही तेही होते असे मानावे लागते. मग ‘असणे’ फारच स्वस्त होते. आजचा सांख्य जनुकांकडे बोट दाखवील. पण तीच जनुके पानात आणि मुळातही असतात. स्कूग आणि मिलर यांनी 1957 मध्ये तंबाखूच्या खोडातल्या गाभ्यावर दाखवले की ऑक्सिन या संप्रेरकाचे प्रमाण जास्त ठेवले तर मुळे फुटतात, सायटोकायनिनचे ठेवले तर कोंब. वेलीला कांदा लागत नाही, हे खरेच. कारण मर्यादा घालते, पण त्या मर्यादेत निवड करत नाही.

मग निवडतो कोण? संप्रेरक म्हणावे, तर डोळ्यात बाळी घडवणारे जिबरेलिनच पुढे मणी फुगवायला वापरतात, आणि आंबेगावच्या सातगाव पठारावरचा बटाटा पोसायचा तर ते ओसरावे लागते. संदेशाचा अर्थ घेणाऱ्या पेशीवर ठरतो. म्हणजे निवडणारा असा एकटा कोणीच नाही. जुन्नरच्या डोंगरांत ज्यांची लेणी आहेत त्या बौद्धांच्या परंपरेतले शालिस्तंबसूत्र हेच सांगते: बीज, माती, पाणी, ऋतू यांतल्या कोणालाच ‘अंकुर मी घडवतो’ असे वाटत नाही. कर्ता शेतकरी आहे, हा आक्षेप वजनदार आहे. विरळणी करून तो डोळ्यांवर ऊन पाडतो, ऑक्टोबरच्या छाटणीनंतर हायड्रोजन सायनामाइड लावून त्यांना जागे करतो. पण नसलेला घड त्याला घालता येत नाही, म्हणूनच छाटणीआधी डोळे सूक्ष्मदर्शकाखाली तपासून घेतात. यावर सांख्य हसून म्हणेल, म्हणजे घड आधीच होता! होता, पण उन्हाळ्यात घडलेला. आणि छाटणीनंतर ढगाळ हवा टिकली तर तोही जिरून त्याची बाळी होते.