आजारी माणूस आरोपी नव्हे

मुंबईत वांद्र्यासारख्या जुन्या गावठाणांतून फिरताना वाटेवर जागोजागी क्रूस दिसतात. त्यांपैकी अनेक क्रूस १८९६ साली सुरू झालेल्या प्लेगच्या साथीत उभारले गेले. घरादाराच्या रक्षणासाठी लोक तेथे जमून प्रार्थना करीत. ते घाबरलेले होते, आणि घाबरणे हे पाप नाही. मात्र भीतीपोटी आपण दुसऱ्याशी कसे वागतो, याचे उत्तर आपल्याला द्यावेच लागते.

भीतीला 'माहीत नाही' हे उत्तर सोसत नाही. तिला कारण हवे असते, आणि त्याहूनही कोणीतरी दोषी हवा असतो. त्या साथीत मुंबईत अफवा उठली की, इस्पितळात नेलेल्या रुग्णांना मुद्दाम मारले जाते. ऑक्टोबर १८९६ मध्ये गिरणी कामगारांच्या जमावाने आर्थर रोडच्या इस्पितळावर हल्ला केला. त्यांना अडाणी म्हणणे सोपे आहे. पण २०२० साली आपला शिकलेला समाज कसा वागला? कोंबडी खाल्ल्याने कोरोना होतो, ही अफवा मोबाईलवरून घरोघरी पोहोचली आणि कुक्कुटपालन करणारे शेतकरी बुडाले. २२ मार्चला डॉक्टर-परिचारिकांसाठी थाळ्या वाजल्या. पुढे त्यांच्यापैकीच काहींना घरमालकांनी घर सोडायला सांगितले. एप्रिलमध्ये चेन्नईत कोरोनाने दगावलेल्या एका डॉक्टरांच्या दफनाला जमावाने दगड मारून विरोध केला.

जन्मांध माणसाला पाहून शिष्यांनीही प्रभू येशूला हेच विचारले होते : दोष कोणाचा, याचा की याच्या आईवडिलांचा? प्रभूने दोघांनाही दोषमुक्त केले आणि त्या माणसाला दृष्टी दिली. आजार ही शिक्षा नव्हे. तसेच, आरोग्य हे पुण्याचे प्रमाणपत्रही नव्हे. पुण्याजवळ आपल्या डॉक्टर मुलाच्या दवाखान्यात प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई फुले यांना लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांच्या चांगुलपणाने रोग अडला नाही. पण रोगाच्या भीतीने त्यांचा चांगुलपणाही अडला नाही.

कोणी म्हणेल, मग सावधगिरी बाळगायची नाही का? अवश्य बाळगायची. मास्क लावणे, अंतर ठेवणे, लस घेणे यांत शेजाऱ्याचीही काळजी आहे. सावधगिरी रोगापासून दूर राहते, घृणा माणसापासून. अंतर ठेवूनही दाराशी जेवणाचा डबा ठेवता येतो, फोनवर विचारपूस करता येते. उलट जिथे रुग्णाकडे बोट दाखवले जाते तिथे माणसे ताप लपवतात, तपासणी टाळतात, उशिरा दवाखान्यात जातात. म्हणजे आपली घृणा रोगाचेच काम सोपे करते.

बंधुभगिनींनो, साथी पुन्हा येतील. तेव्हाही आपल्याला भीती वाटेल. ऐकलेली गोष्ट पुढे पाठवण्यापूर्वी डॉक्टरांना विचारू या. आणि आपल्या वाडीत कोणी आजारी पडले, तर 'याने कुठून आणला?' असे विचारण्याआधी 'तुम्हाला काय हवे आहे?' असे विचारू या.