हे सोंग कुणाचं?

होळी सरली की नाशिक जिल्ह्यातल्या पेठच्या डोंगरपट्ट्यात बोहाड्याचे, म्हणजे मुखवटे घालून सोंगं नाचवण्याच्या उत्सवाचे, वेध लागतात. रात्र चढते, संबळ घुमू लागतो, पिपाणी सूर धरते आणि टेंभ्यांच्या उजेडात एकेक सोंग पुढे येतं. गणपती, सरस्वती, नरसिंह, रावण. मुखवट्याआडून समोरचं जेमतेम दिसतं. पावलं पडतात ती संबळाच्या तालावर. कुठलं सोंग कुठल्या घराने नाचवायचं हे पिढ्यान्‌पिढ्या ठरलेलं असतं. तो त्या घराचा मान. रावणाचाही मान असतो आणि तो नाचवणारं घर गणपतीच्या घरापेक्षा स्वतःला कमी समजत नाही.

नाशिकहून सावळघाट ओलांडून आलेला पाहुणा मात्र ‘आदिवासी’ या एका शब्दात सारा तालुका आटोपतो.

इथे कोकणा आहेत, महादेव कोळी आहेत, वारली आहेत. बोली वेगळ्या, लग्नाच्या चाली वेगळ्या. कागदावर सगळ्यांचा रकाना एकच, अनुसूचित जमाती. तो हवाच, २००६ च्या वनहक्क कायद्याखाली कसत्या जमिनीवर दावा सांगताना हाच रकाना कामी येतो. पण हक्क मिळवून देणारा रकाना माणसाची ओळख करून देत नाही.

मानववंशशास्त्रज्ञ इरावती कर्वे यांनी हा फरक फार लवकर ओळखला होता. ब्रह्मदेशात जन्मलेल्या इरावतीबाई १९२८ मध्ये बर्लिनला गेल्या आणि ऑयगेन फिशर यांच्या हाताखाली मानवी कवट्या मोजू लागल्या. वंशावंशांत उच्चनीच मानणारे हे गुरू. पण कवटीच्या दोन बाजूंमधल्या असमानतेचा वंशाशी संबंध त्यांच्या शिष्येला आढळला नाही, आणि तिने तसंच लिहिलं. परक्या देशात, पदवी ज्यांच्या हाती त्यांच्यासमोर, विशीतल्या मुलीने दाखवलेलं हे धैर्य आजही नतमस्तक करतं.

पुढे पुण्याच्या डेक्कन कॉलेजात राहून त्या महाराष्ट्रभर हिंडल्या. मोजपट्टी त्यांनी टाकली नाही, पण माणसाच्या ओसरीवर बसून त्याची नातीगोती विचारणंही सोडलं नाही. हिंदू समाज म्हणजे एकाच कापडाच्या फाडलेल्या चिंध्या नव्हेत. निरनिराळे तुकडे शेजारी शेजारी येऊन शिवली गेलेली ती गोधडी आहे, असं त्यांचं म्हणणं. कोयना धरणाने उठवलेल्या गावांची पाहणीही त्यांनी लेक जाई निंबकरांबरोबर केली. ती १९६९ मध्ये प्रसिद्ध झाली. धरणाच्या हिशेबात जे नुसते ‘विस्थापित’ होते, त्यांचं पुढे काय झालं हे त्या दोघींनी माणसांनाच विचारलं.

पेठला बदली होऊन आलेल्या शिक्षकाने, तलाठ्याने, डॉक्टरने एक रात्र बोहाड्याला जागवावी. पुढच्या रांगेतली खुर्ची नको, गावकऱ्यांत मांडी घालून बसावं. शेजारच्या म्हाताऱ्याला विचारावं, “बाबा, हे सोंग कुणाचं?” तो आधी देवाचं नाव सांगेल, मग घराचं, मग त्या घरातल्या आज्याचं, पणज्याचं. तोवर पुढचं सोंग आलेलं असेल.