निर्दोष हृदयाची कैफियत

ज्या व्याधीचा पुरावा कागदावर उमटत नाही ती व्याधीच नव्हे, असा आपल्या समाजाचा एक अलिखित दंडक आहे. आणि या दंडकाचा जाच चिंताविकाराने ग्रासलेल्या माणसाला जितका होतो, तितका क्वचितच दुसऱ्या कोणा रुग्णाला होत असेल. त्याची छाती धडधडू लागते, हातपाय गार पडतात, बोटांना मुंग्या येतात आणि 'आता काही आपले खरे नाही' अशी त्याची खात्री होऊन चुकते. घरची मंडळी धावाधाव करून त्याला दवाखान्यात नेतात, कार्डिओग्राम निघतो आणि डॉक्टर हसतमुखाने सांगतात, "काही नाही, रिपोर्ट नॉर्मल आहे." नातेवाइकांच्या लेखी हा निर्दोष मुक्ततेचा निकाल असतो; रुग्णाच्या कानी मात्र तो आरोप म्हणून पडतो, कारण हृदय निर्दोष ठरल्यावर संशयित म्हणून उरतो तो एकटा तोच.

वैद्यकशास्त्रालाही हे कोडे उलगडण्यास बराच काळ लागला. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या सैनिकांमध्ये आढळलेल्या अशाच तक्रारींचे वर्णन डा कोस्टा या वैद्याने 1871 साली प्रसिद्ध केले ते हृदयाचा विकार म्हणून. 1895 मध्ये फ्रॉइडने चिंतेचा विकार इतर मज्जादौर्बल्यापासून वेगळा काढला, आणि ज्याला आज आपण पॅनिक अटॅक म्हणतो त्या झटक्यांच्या विकाराला अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या अधिकृत वर्गीकरणात स्वतंत्र स्थान मिळाले ते तर 1980 साली. तेव्हा घरातल्या वडीलधाऱ्यांना हा सगळा 'मनाचा खेळ' वाटला, तर त्यांना फार दोष देता येणार नाही.

वस्तुतः हा खेळ मनाचा जितका, तितकाच शरीराचा आहे. संकटसमयी देह लढण्यासाठी किंवा पळण्यासाठी सिद्ध होतो, हे वॉल्टर कॅननने 1915 च्या आपल्या ग्रंथात सविस्तर मांडले: ॲड्रिनलिन रक्तात उतरते, नाडी व श्वास जलद होतात. परंतु पळावयाचे नसताना श्वास असा धापा टाकू लागला की रक्तातील कार्बन डायऑक्साइड प्रमाणाबाहेर उतरतो, त्यामुळे भोवळ आणि मुंग्या येतात. त्या मुंग्यांचा अर्थ रुग्ण 'मृत्यू' असा लावतो आणि त्या अर्थाच्या भयाने श्वास आणखी जलद होतो. हे आवर्त बहुधा दहाएक मिनिटांत आपल्या शिखरास पोहोचून आपोआप ओसरू लागते. अशा वेळी अर्जुनाचा दाखला देण्याची आपल्याकडे प्रथा आहे. पण अर्जुनासमोर निदान कौरवांचे सैन्य तरी उभे होते. कांजूरमार्गच्या फलाटावर घामाघूम झालेल्या माणसासमोर काहीच नसते, आणि म्हणूनच त्याला कोणास काही सांगता येत नाही.

माझ्या परिचयाचे एक गृहस्थ डोंबिवलीहून फोर्टातल्या कचेरीत जात. एकदा गाडीत झटका येऊन गेल्यावर त्यांनी फास्ट लोकल सोडली. ठाण्यानंतर घाटकोपरपर्यंत कोठेही न थांबणारी गाडी त्यांना असह्य झाली, आणि दर चार मिनिटांनी उतरण्याची सोय आहे एवढ्यासाठी ते स्लो गाडीने, दाराजवळचा खांब धरून, जाऊ लागले. शर्टाच्या खिशात जिभेखाली ठेवण्याची गोळी आणि चौघडी केलेला जुना कार्डिओग्राम असे. घड्यांवरची शाई पुसत आली होती, तरी तो ते टाकू देत नसत. पुढे पत्नी सोबत येऊ लागली. त्यानंतर मुलगा स्कूटरने सोडू लागला, आणि अखेरीस कुटुंबाने एकमताने असा ठराव केला की बाबांनी स्वेच्छानिवृत्ती घ्यावी. प्रत्येक पायरीवर हेतू प्रेमाचाच होता, आणि प्रत्येक पायरीगणिक त्या गृहस्थांचा मुलूख आक्रसत गेला.

मला जे म्हणावयाचे आहे ते येथेच. चिंताविकाराच्या बाबतीत आपल्या कुटुंबांत अनास्थेने जितकी हानी होते, तितकीच, किंबहुना काकणभर अधिकच, मायेने होते. 'मला काही होणार नाही ना?' या प्रश्नाला 'नाही रे' अशी हमी दिली की क्षणभर हायसे वाटते. परंतु त्या हमीची मुदत तासाभरात संपते आणि ती नव्याने मागावी लागते. टाळलेल्या प्रत्येक प्रवासानंतर मन आपल्या दप्तरी अशी नोंद करते, की आपण वाचलो ते केवळ टाळल्यामुळे. ती नोंद खोडण्याची संधी, म्हणजे भीतीच्या प्रसंगात टिकून राहून ती ओसरताना अनुभवण्याची संधी, आपणच आपल्या माणसाकडून काढून घेतो. याच्या उलट टोकाला 'मन घट्ट कर' हे फर्मान. त्याची निष्फळता इतकी उघड आहे की त्यावर अधिक शाई खर्च करण्याचे कारण नाही.

ॲरन बेक आणि अल्बर्ट एलिस यांनी विकसित केलेल्या विचारप्रधान उपचारपद्धतींचे मर्म या खोडाखोडीतच आहे. एलिस यांच्याशी दीर्घकाळ पत्रव्यवहार करून कि. मो. फडके यांनी त्यांची विवेकनिष्ठ पद्धती आपल्याकडे रुजवली. अशा उपचारात भीतीला एका दमात सामोरे जाण्याचा हट्ट नसतो. आधी एकच स्थानक, मग दोन, मग खिशातली गोळी घरी ठेवून तोच प्रवास, असा क्रम असतो. आमच्या गृहस्थांनी निवृत्तीचा अर्ज लिहून ठेवला होता. तो रुजू करण्यापूर्वी ते मनोविकारतज्ज्ञांकडे गेले, हे सुदैव. तज्ज्ञांनी प्रथम थायरॉइडची तपासणी करवून घेतली, कारण त्या ग्रंथीच्या अतिरेकानेही छाती अशीच धडधडते. औषधे पुष्कळांना लागतात आणि उपयोगी पडतात. मात्र त्यांचा गुण येण्यास काही आठवडे जावे लागतात, आणि तत्काळ शांत करणाऱ्या ज्या गोळ्या लोक शेजाऱ्याच्या सल्ल्याने घेतात, त्यांची सवय जडते.

2015-16 च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात निरनिराळ्या मनोविकारांच्या 70 ते 92 टक्के रुग्णांपर्यंत उपचार पोहोचत नसल्याचे आढळले. हे सर्वेक्षण ज्या बारा राज्यांत झाले त्यांत महाराष्ट्र नव्हता, पण म्हणून आपण निराळे आहोत असे समजण्यास आधार नाही. सोयी अपुऱ्या खऱ्या, तथापि शून्य नाहीत: जिल्हा रुग्णालयांत मनोविकार विभाग आहेत, गोव्यात बांबोळीची मनोविकार संस्था आहे, ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णी यांनी 1990 साली स्थापन केलेली 'आयपीएच' ही मानसिक आरोग्य संस्था आहे. आणि 2017 च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यान्वये विमा कंपन्यांना मानसिक आजारासाठीही शारीरिक आजाराप्रमाणेच संरक्षण द्यावे लागते.

ज्यांच्या घरी असा माणूस असेल त्यांना विनंती एवढीच, की पुढच्या भेटीस त्याच्याबरोबर तज्ज्ञांकडे जावे आणि 'आम्ही काय करावे' याबरोबरच 'आम्ही काय करणे थांबवावे' हेही विचारावे. आणि तज्ज्ञ कोठे गाठावा हेच ठाऊक नसेल, तर सरकारच्या 'टेलि-मानस' सेवेचा 14416 हा क्रमांक फिरवावा. तो निःशुल्क आहे, अहोरात्र चालतो आणि त्यावर मराठीत बोलता येते.