लांबलेल्या स्वप्नांचा घरातला हिशेब

लँग्स्टन ह्यूज यांची ‘हार्लेम’ ही कविता 1951 मधली. अवघ्या अकरा ओळी, त्याही बहुतेक प्रश्नार्थक. लांबणीवर पडलेल्या स्वप्नाचे पुढे काय होते, एवढेच कवी विचारतो. कवितेत घर नाही, नातीगोती नाहीत. लोरेन हॅन्सबेरी या तरुण कृष्णवर्णीय लेखिकेने याच कवितेतून आपल्या नाटकाचे नाव घेतले, ‘अ रेझिन इन द सन’, आणि तो प्रश्न शिकागोच्या साउथ साइडमधल्या एका कोंदट बिऱ्हाडात नेऊन ठेवला. मार्च 1959 मध्ये हे नाटक ब्रॉडवेवर आले. कृष्णवर्णीय स्त्रीने लिहिलेले ते तिथले पहिले नाटक. कवितेच्या प्रश्नाला ते जे उत्तर देते, ते मला फार मोलाचे वाटते: रखडलेले स्वप्न ज्याचे त्याच्यापाशी राहत नाही, त्याचा भार सगळ्यात जवळच्या माणसावर पडतो.

यंगर कुटुंबात पाच माणसे. लहानगा ट्रॅव्हिस बैठकीच्या खोलीत कोचावर झोपतो, न्हाणीघर शेजाऱ्यांबरोबर सामाईक. त्याचा बाप वॉल्टर एका श्रीमंताचा ड्रायव्हर, आई रूथ लोकांच्या घरची कामे करते. पहिल्याच प्रवेशात ट्रॅव्हिस शाळेसाठी पन्नास सेंट मागतो. रूथ नाही म्हणते, कारण घरात तेवढेही वेगळे काढता येत नाहीत. वॉल्टर तिच्यादेखत पोराच्या हातावर पन्नास सेंट ठेवतो, वर आणखी पन्नास देतो. पोरगा खुशीत शाळेला जातो आणि थोड्याच वेळात वॉल्टरला गाडीभाड्यासाठी त्याच रूथपुढे हात पसरावा लागतो. मुलासमोर बाप म्हणून ताठ उभे राहायचे, तर बायकोसमोर मान खाली घालावी लागते. दोघांचेही म्हणणे खरे आहे, तरीही दोघांत अंतर पडते.

मग वॉल्टरच्या वारलेल्या वडिलांच्या विम्याचे दहा हजार डॉलर येतात. वॉल्टरला दारूचे दुकान काढायचे आहे. त्याची बहीण बेनिथा हिला डॉक्टर व्हायचे आहे. त्यांची आई लीना हिला हक्काचे घर हवे आहे. लग्नानंतर नवऱ्याबरोबर ती या जागेत आली, ती वर्षभरापुरती म्हणून. सारा संसार तिथेच झाला. तिन्ही स्वप्ने रास्त आहेत. पण पैसा सगळ्यांना पुरणारा नाही, म्हणून एकाचे स्वप्न दुसऱ्याला आपल्या ताटातला घास वाटू लागते. भाऊ बहिणीला सुनावतो, डॉक्टर कशाला, नर्स हो किंवा लग्न कर. रूथला पुन्हा दिवस गेले आहेत, आणि आणखी एक जीव या घरात मावणार कुठे, म्हणून ती गर्भ पाडण्याच्या विचारापर्यंत येते. माया आटलेली नाही. तिला जागा उरलेली नाही.

यावर आक्षेप निघेल की वॉल्टरने तर स्वतःच घात केला. लीना साडेतीन हजार गोऱ्यांच्या वस्तीतल्या घरासाठी भरते आणि उरलेले साडेसहा हजार त्याच्या हवाली करते. त्यातले तीन हजार बहिणीच्या शिक्षणाचे. तो सगळेच्या सगळे एका मित्राच्या भरवशावर घालवतो. दोष त्याचा आहेच. पण खाऊनपिऊन सुखी घरातला माणूस असा फसतो, तेव्हा तो पुन्हा उभा राहू शकतो. इथे एकाच्या चुकीने सगळ्या घराची आशा बुडते. स्वप्ने लांबवणारी व्यवस्था माणसाची चुकण्याची मुभाच काढून घेते.

ही व्यवस्था हॅन्सबेरी यांनी लहानपणीच पाहिली होती. 1937 मध्ये त्यांच्या वडिलांनी गोऱ्यांच्या वस्तीत घर घेतले. कृष्णवर्णीयांना जागा विकायची किंवा भाड्याने द्यायची नाही, असा तिथल्या घरमालकांचा लेखी करार होता. घरावर हल्ले झाले. आई रात्री पिस्तूल घेऊन पहारा देई. 1940 मध्ये सर्वोच्च न्यायालयात निकाल कुटुंबाच्या बाजूने लागला, पण असे करार वैध की अवैध, हा मूळ प्रश्न तसाच राहिला. नाटकात हीच सत्ता कार्ल लिंडनर या सभ्य, मृदुभाषी गृहस्थाच्या रूपाने दारात येते: पैसे घ्या, पण आमच्या वस्तीत येऊ नका.

‘ही कुठल्याही कुटुंबाची गोष्ट आहे’ अशी या नाटकाची वाखाणणी झाली. ती मला अपुरी वाटते. लिंडनरला वगळले, तर उरते फक्त एक भांडखोर कुटुंब. 1972 मध्ये अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या ‘ब्लॅक पँथर’वरून नाव घेऊन ‘दलित पँथर’ ही संघटना उभी राहिली, त्या महाराष्ट्राला हे वेगळे सांगायला नको. तरीही दया पवारांच्या ‘बलुतं’ या आत्मकथनातल्या बापाला नुसता दारुडा समजून पान उलटणारे वाचक आपल्यातही आहेत.

शेवटी वॉल्टर मुलाच्या साक्षीने लिंडनरला नकार देतो. गेलेले पैसे परत येत नाहीत, बेनिथाच्या शिक्षणाचे काय, तेही ठरत नाही. तरी घर पुन्हा एकत्र येते, कारण आपला अडसर बाहेर उभा आहे हे पाचही जणांना दिसलेले असते. गरिबाघरचे भांडण रंगमंचावर पाहताना किंवा कवितेत वाचताना आपणही कोण चुकले हे ठरवण्याची घाई करू नये. यांची स्वप्ने कोणी लांबवली, हे आधी विचारावे.